यूसीएलएचा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू कोण? माझं मत वॉल्टनला

रिंगखालचा

करीम अब्दुल-जब्बारचं नाव कुणी घेतलं की पुढची चर्चाच बंद पडते, म्हणून आधीच एक अट घालतो. इथे फक्त कॉलेज बास्केटबॉलची वर्षं मोजायची. लेकर्स, एनबीए या व्यावसायिक लीगमधले गुण, तिथली विजेतेपदं हे सगळं दाराबाहेर. लॉस एंजेलिसच्या वेस्टवूडमधल्या या कॉलेजच्या निळ्या-सोनेरी जर्सीत कोण काय खेळलं, तेवढंच बघायचं. त्या जर्सीत तो लू अल्सिंडर या नावाने खेळला, नाव त्याने 1971 मध्ये बदललं, म्हणून खाली जुनंच नाव येईल.

ज्यांना हा इतिहास नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कोच जॉन वूडन 1948 मध्ये यूसीएलएत आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला 1964 उजाडलं. त्यानंतर मात्र 1975 पर्यंतच्या 12 मोसमांत 10 विजेतेपदं, त्यातली 1967 ते 1973 अशी सात सलग. अल्सिंडरची तीन (1967, 68, 69) आणि बिल वॉल्टनची दोन (1972, 73). पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात घेत नसत, त्यामुळे दोघांच्या वाट्याला तीन-तीनच मोसम आले. दोघंही सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी), कोच एकच, घरचं कोर्टही एकच, पॉली पॅव्हिलियन. तुलनेला याहून सोयीची जोडी मिळणार नाही.

1971 मध्ये जिंकलेल्या पाचांपैकी पुढच्या मोसमात एकटा हेन्री बिबी उरला होता. बाकी चार जागा नव्याने भरायच्या होत्या. त्यात वॉल्टन आला आणि तो संघ 30 पैकी 30 सामने जिंकला, तेही सरासरी 30 गुणांहून जास्त फरकाने. पुढच्या वर्षी पुन्हा 30 पैकी 30. मग 1973 ची फायनल, सेंट लुइसमध्ये, मेम्फिस स्टेटविरुद्ध. मध्यंतराला 39-39 अशी बरोबरी, वॉल्टनच्या नावावर तीन फाउल लागलेले. शेवटी स्कोअर 87-66. वॉल्टनचे 22 पैकी 21 शॉट आत, 44 गुण, 13 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं). आणि हे सगळं डंकवर, म्हणजे उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी असताना! कॉलेजच्या फायनलमध्ये याच्या आसपास जाणारा दुसरा कुणाचा खेळ असेल तर दाखवा.

पण नुसत्या एका सामन्यावर मी मत देत नाहीये. जुन्या फिती बघा. रिबाउंड हातात आल्यावर वॉल्टनचे पाय जमिनीला टेकायच्या आत चेंडू अर्ध्या कोर्टापर्यंत गेलेला असायचा. चेंडू येणारच या खात्रीने गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारे चपळ गडी, आधीच पळत सुटलेले असायचे. शेवटच्या मोसमात या सेंटरचे सामन्यामागे पाचाहून जास्त असिस्ट (ज्यावर सहकारी गुण काढतो तो पास) होते. अल्सिंडरला चेंडू पोचवावा लागायचा, मग पुढचं तो बघायचा. वॉल्टनकडे चेंडू गेला की समोरच्यांना पाचही जणांकडे बघावं लागायचं.

रिबाउंडचंच म्हणाल तर यूसीएलएच्या पुरुष संघाचा विक्रम वॉल्टनचा आहे, 1,370. अल्सिंडर 1,367. वॉल्टन त्याच्याहून एक सामना कमी खेळला, 87 विरुद्ध 88. वर कॉलेजमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा नेस्मिथ पुरस्कार वॉल्टनला तीनदा, अल्सिंडरला एकदा.

या भांडायला.

आकडेमोड

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते दिशाभूल करणारं आहे. नेस्मिथ पुरस्कार सुरूच झाला 1969 मध्ये आणि त्याचा पहिला मानकरी अल्सिंडर. आधीच्या दोन वर्षी पुरस्कारच अस्तित्वात नव्हता, तो घेणार कुठून? फायनल फोरचा, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या फेरीचा, सर्वोत्तम खेळाडू हा मान मात्र तेव्हाही होता. तो अल्सिंडरला तिन्ही वर्षी मिळाला. तीनदा तो मिळवणारा पुरुष खेळाडू आजतागायत दुसरा झालेला नाही.

तीन रिबाउंडच्या फरकावर इतिहास ठरवायचा असेल तर गुणांकडेही बघा की. अल्सिंडर 88 सामन्यांत 2,325, म्हणजे सामन्याला 26.4. वॉल्टन 20.3. त्या काळात शॉट क्लॉक, म्हणजे ठराविक वेळेत शॉट मारायला लावणारं घड्याळ, नव्हतं, त्यामुळे घाबरलेले संघ मिनिटामागून मिनिटं चेंडू नुसता फिरवत बसायचे. तरीही ही सरासरी.

आता गोष्ट पॉली पॅव्हिलियनच्या उद्घाटनाची. 27 नोव्हेंबर 1965. एका बाजूला यूसीएलएचा मुख्य संघ, लागोपाठ दोन वर्षं देशाचा विजेता आणि नव्या मोसमासाठी क्रमवारीत पहिला. दुसऱ्या बाजूला त्याच कॉलेजची पहिल्या वर्षाची पोरं. पोरं जिंकली, 75-60. अल्सिंडर 31 गुण, 21 रिबाउंड. म्हणजे त्या दिवशी देशातला सर्वोत्तम संघ आपल्याच कॉलेजातही दुसऱ्या क्रमांकावर होता. वॉल्टनच्या अख्ख्या कारकिर्दीत याच्या तोडीचं काही आहे का?

पुढे मुख्य संघातला त्याचा पहिला सामना, यूएससीविरुद्ध, 56 गुण. त्याच मोसमात वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध 61. मोसम संपला आणि नियम समितीने डंकवर बंदी घातली. कारण दिलं दुखापतींचं आणि मोडणाऱ्या सामानाचं, पण लोक त्याला अल्सिंडर नियमच म्हणत आले. वॉल्टनला अडवायला कुणी नियम बदलला नव्हता.

आणि तीन वर्षांत संघाचे विजय-पराभव 88-2. दोन्ही पराभव दोन-दोन गुणांचे.

खडूस_मुंबईकर

हा धागा वाचताना सारखा रणजीतला मुंबईचा संघ आठवतोय. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वेळा करंडक आमच्याकडे. त्यातला श्रेष्ठ कोण असं विचारलं की लोक वाडेकर, सरदेसाई, गावसकर करत बसतात. पण तो दबदबा एकट्यादुकट्याचा नव्हताच. नवा आलेला पोरगा हरण्याची कल्पनाच न करता ड्रेसिंग रूममध्ये शिरायचा. यूसीएलएचं तेच. अल्सिंडर गेला तरी जिंकले, वॉल्टन गेल्यावर 1975 मध्येही जिंकले. मग अल्सिंडर की वॉल्टन हा वाद पोकळ नाही का? श्रेय वूडनना द्या आणि पुढे चला.

आकडेमोड

@खडूस_मुंबईकर, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. रणजीत साखळी सामने असायचे, पहिल्या डावाच्या आघाडीवर वेळ मारून नेता यायची. इथे मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत एक सामना हरलात की मोसम संपला. 40 मिनिटांच्या खेळात एक वाईट रात्र पुरते. अशा स्पर्धेत अल्सिंडर तीन वर्षांत एकदाही हरला नाही, 12 पैकी 12. आणि सगळं श्रेय वूडनचं म्हणता, तर आधीची 15 वर्षं तेच वूडन काय करत होते?

नागपुरी_संत्रं

काहून एवढे त्या दोन उंच माणसांवरून भांडून राहिले बाप्पा? 😀

वूडनना पहिलं विजेतेपद कोणी दिलं ते कोणी बोलूनच नाही राहिलं. 1964 चा संघ घ्या. सुरुवातीच्या पाचात 6 फूट 5 इंचांपेक्षा उंच एकही नाही. पॉली पॅव्हिलियनही नव्हतं तेव्हा, जुन्या जिममध्ये सराव चालायचा. वॉल्ट हॅझर्ड आणि गेल गुडरिच हे दोन गार्ड. असिस्टंट कोच जेरी नॉर्मन यांनी झोन प्रेस (समोरच्याला अख्ख्या कोर्टभर घेरायचा बचाव) लावायचा आग्रह धरला, आणि समोरच्याला अर्धं कोर्ट ओलांडणंही मुश्कील होऊन गेलं. प्रेसच्या सगळ्यात मागे कीथ एरिक्सन, जो त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून व्हॉलीबॉल खेळला. फायनलला ड्यूकचा संघ अंगाने कितीतरी मोठा. त्याच्याविरुद्ध पहिल्या हाफमध्ये लागोपाठ 16 गुण काढले अन् तिथेच सामना संपल्यात जमा. 98-83. मोसम 30-0.

पुढच्या वर्षी हॅझर्ड गेला, तरी फायनलमध्ये मिशिगनसमोर एकट्या गुडरिचचे 42 गुण. उंची 6 फूट 1 इंच. भाऊ, हा माणूस नसता तर न्यूयॉर्कमधला अल्सिंडरसारखा मोठा खेळाडू लॉस एंजेलिसला कशाला आला असता? विजेत्या संघात जायचं म्हणूनच ना?

आमच्या नागपुरात बास्केटबॉल खेळणाऱ्या बुटक्या पोरांचं मत गुडरिचला. लिहून घ्या.

रिंगखालचा

@नागपुरी_संत्रं, गुडरिचला माझा सलाम, पण माझ्या यादीत तो तिसरा. 1964 ला फायनल फोरचा मान हॅझर्डला मिळाला होता, त्याला नाही. तुम्हाला स्वतःच्याच दोन गार्डांतून एक निवडता येत नाहीये, तर आमच्या भांडणात कशाला पडता? 🙂

@आकडेमोड, नेस्मिथचा मुद्दा मान्य, तो खोडून टाका. बाकीचं मान्य नाही.

88-2 म्हणता. त्यातला पहिला पराभव बघू. 20 जानेवारी 1968, ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम, 52,693 प्रेक्षक, देशभर टीव्हीवर दाखवलेला सामना. ह्यूस्टनच्या एल्विन हेजने 39 गुण काढले आणि अल्सिंडरचे 18 पैकी 4 शॉट आत गेले. 71-69. डोळ्याला जखम होती हे माहीत आहे. पण वॉल्टनच्या पराभवांच्या वेळी त्याच्या पाठीचं काय झालं होतं ते तुम्ही कधी मोजता का? जानेवारी 1974 मध्ये तो वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध पाठीवर पडला, तीन सामने बाहेर बसला आणि कमरेला पट्टा आवळून नोत्र दामविरुद्ध उतरला.

आकडेमोड

बरं झालं तुम्हीच नोत्र दामचा विषय काढलात.

19 जानेवारी 1974. यूसीएलए 70-59 ने पुढे, जेमतेम साडेतीन मिनिटं शिल्लक. त्यानंतर यूसीएलएला एकही गुण नाही आणि नोत्र दामचे लागोपाठ 12. शेवट 71-70. 88 विजयांची साखळी तिथे तुटली. पुढच्याच महिन्यात ओरेगनच्या दौऱ्यात दोन दिवसांत दोन पराभव. मग ग्रीन्सबरोची सेमीफायनल, नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये सात गुणांनी पुढे होते. शॉट क्लॉक नसताना सात गुणांची आघाडी म्हणजे चेंडू धरून बसलं तरी चालतं. हरले, 80-77. सलग सात वर्षं जिंकलेलं विजेतेपद हातातून गेलं.

अल्सिंडरच्या संघाने हातात आलेले सामने असे सोडले नाहीत. ह्यूस्टनचा हिशेब त्यांनी त्याच मोसमात सेमीफायनलला चुकता केला, 101-69. हेजला 10 गुणांवर रोखलं.

आणि ती 88 ची साखळीसुद्धा पूर्णपणे वॉल्टनची नाही. तिच्यातले पहिले 15 विजय सिडनी विक्स आणि कर्टिस रो यांच्या संघाचे, 1971 चे.

रिंगखालचा

15 वजा केले तरी 73 उरतात. हेन्री बिबीनंतरच्या पिढीत 73 सामने सलग जिंकणारा दुसरा कॉलेज संघ सांगा ना. पुरुषांचा.

आणि 1974 ची सेमीफायनल सगळे सांगतात, पण त्यातले वॉल्टनचे 29 गुण आणि 18 रिबाउंड कुणी सांगत नाही. समोर डेव्हिड थॉम्पसन होता, त्याने 28 काढले. तो सामना वॉल्टनमुळे हरले म्हणणं अन्याय आहे.

शिट्टी

मी दोघांपैकी कुणाच्याच बाजूचा नाही, फक्त एक गोष्ट नोंदवतो. 21/22 चं कौतुक करताना गार्ड ग्रेग ली याचं नावही घ्या. त्या फायनलमध्ये त्याचे 14 असिस्ट होते. चेंडू रिंगच्या अगदी शेजारी, उंच, योग्य क्षणी टाकायचा, की वॉल्टनला तो हवेतच घेऊन हलकेच आत सोडावा लागे, कारण रिंगमध्ये दणकन कोंबायची परवानगी नव्हती. मेम्फिस स्टेटने वॉल्टनच्या पुढे माणूस उभा केला तर पास मागून वरून येई, मागे उभा केला तर समोरून. हा लीचा सामना जितका होता तितकाच वॉल्टनचा.

एक छान आठवण त्या सामन्यातली: शेवटी शेवटी वॉल्टनचा घोटा दुखावला तेव्हा त्याला आधार देऊन बाहेर न्यायला मेम्फिस स्टेटचा लॅरी फिंच पुढे आला. तोच फिंच ज्याने त्या रात्री 29 गुण काढले होते.

रिंगखालचा

@शिट्टी, लीचं श्रेय द्यायलाच हवं. पण उंच टाकलेला प्रत्येक पास आत जात नाही हो. ली त्याच मोसमात इतर सामन्यांतही पास देत होता.

पॉलीतली_ताई

मी लॉस एंजेलिसला राहते. पॉली पॅव्हिलियनच्या छताला लटकणारे नंबर बघितले तर तुमची अर्धी भांडणं मिटतील, किंवा नवी सुरू होतील. यूसीएलएने सगळ्यात आधी, 1990 मध्ये, चार नंबर निवृत्त केले. अल्सिंडरचा 33, वॉल्टनचा 32, अ‍ॅन मेयर्सचा 15 आणि डेनिस करीचा 12. चारात दोन बायका. आणि इथे इतके प्रतिसाद झाले तरी दोघींपैकी एकीचंही नाव नाही.

अ‍ॅन मेयर्स यूसीएलएत पूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली मुलगी. चारही वर्षं ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत. 1976 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य. फेब्रुवारी 1978 मध्ये स्टीफन एफ. ऑस्टिनविरुद्ध 20 गुण, 14 रिबाउंड, 10 असिस्ट आणि 10 स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू), एकाच सामन्यात. चार रकान्यांत दुहेरी आकडा तोवर वरच्या विभागात कुणीही, पुरुषानेसुद्धा, काढला नव्हता. महिनाभराने मेरीलँडला 90-74 हरवून राष्ट्रीय विजेतेपद, तेही पॉलीमध्ये. तेव्हा महिलांची स्पर्धा एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) भरवतच नव्हतं, वेगळी संघटना भरवायची. म्हणून ते विजेतेपद यूसीएलएच्या त्या प्रसिद्ध यादीत लोक धरत नाहीत.

आणि गुणांचा विक्रम म्हणून तुम्ही पुरुष संघातल्या डॉन मॅक्लीनचं नाव घेणारच असाल, 2,608 गुण, तर आधी सांगते. डेनिस करीचे 3,198 आहेत. 130 सामने खेळली आणि 130 च्या 130 सामन्यांत दहा किंवा जास्त गुण. तीन गुणांची रेषा नसताना.

माझं मत मेयर्सला.

खडूस_मुंबईकर

ताई, मेयर्सबद्दल पूर्ण आदर. पण पुरुष आणि महिलांचे संघ वेगळे, स्पर्धा वेगळ्या. एकाच यादीत कसं घालणार?

पॉलीतली_ताई

प्रश्न "यूसीएलएचा श्रेष्ठ खेळाडू" असा आहे, "यूसीएलएच्या पुरुष संघाचा" असा नाही. शीर्षक तुम्हीच वाचा. 1966 आणि 1973 चे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळले नाहीत तरी तुम्ही त्यांना एका यादीत घालताच की. 1978 चंही मग जमेल. गंमत म्हणजे तिचा भाऊ डेव्हिड मेयर्स वॉल्टनच्या संघात होता आणि 1975 च्या विजेत्या संघाचाही आधार. घरात विजेतेपदं दोघांकडे आहेत, यादीत फक्त भावाची.

नव्वदीतला

सगळे साठ-सत्तरच्या दशकात अडकलेत. त्या वेळी स्पर्धेत 23 ते 25 संघ असायचे, एका कॉन्फरन्समधून (कॉलेजांच्या साखळी गटातून) एकच संघ जायचा आणि गट भूगोलानुसार. पश्चिमेतले दोन सामने जिंकले की यूसीएलए थेट शेवटच्या चारात. चार सामन्यांत विजेतेपद. 1995 मध्ये 64 संघ होते, सहा सामने जिंकावे लागले.

एड ओबॅनन बघा. 1990 मध्ये कॉलेजचा पहिला मोसम सुरू व्हायच्या आधीच गुडघ्याचा लिगामेंट फाटला. परत उभं राहायलाच वर्षाहून जास्त गेलं. तो माणूस 1995 मध्ये संघाला फायनलपर्यंत घेऊन गेला, पाठीशी ना अल्सिंडर ना वॉल्टन. दुसऱ्या फेरीत मिसूरीविरुद्ध संघ जवळजवळ बाहेर गेला होता. 4.8 सेकंद शिल्लक असताना टायस एडनी अख्खं कोर्ट धावत गेला आणि त्याने चेंडू टाकला, 75-74, म्हणून वाचले. फायनलला त्याच एडनीचं मनगट दुखावलेलं, काही मिनिटांतच तो बाहेर. समोर आधीच्या वर्षीचा विजेता आर्कान्सा. ओबॅननने 30 गुण आणि 17 रिबाउंड काढले. 89-78. वूडन निवृत्त झाल्यानंतर यूसीएलएच्या पुरुषांनी जिंकलेलं ते एकच विजेतेपद आहे.

आणि कोर्टाबाहेरचं मोजायचं तर व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू बघून त्याने 2009 मध्ये एनसीएएवर खटला भरला, 2014 मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. आज कॉलेजच्या पोरांना नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे मिळतात त्यामागे तो खटला आहे.

आकडेमोड

ओबॅननची फायनल फार मोठी, वाद नाही. पण 64 संघांचा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. पहिल्या फेरीत तुम्ही सोळाव्या मानांकनाच्या संघाशी खेळता. अल्सिंडरच्या काळात फक्त कॉन्फरन्स जिंकणारेच जास्त करून येत, हलका सामना मिळायचाच नाही. मोजायचं तर दोन्ही बाजूंनी मोजा.

शिट्टी

कोर्टाबाहेरचं निघालंच आहे तर वूडन काळातल्या सॅम गिल्बर्ट या श्रीमंत पाठीराख्याचंही नाव निघायला हवं. खेळाडूंना तो काय काय पुरवायचा यावर पुढे वृत्तपत्रांनी भरपूर लिहिलं आणि 1981 मध्ये एनसीएएने यूसीएलएला शिक्षा करताना त्याच्याशी संबंध तोडायला लावले. शिक्षा नंतरच्या वर्षांसाठी होती, वूडनच्या विजेतेपदांना हात लागला नाही. पण "हरण्याची कल्पनाच न करणारी ड्रेसिंग रूम" असं वर वाचलं म्हणून आठवण करून दिली.

खडूस_मुंबईकर

घ्या. लग्नात भटजींची चूक काढणारा एक असतोच.

शिट्टी

दक्षिणा दुप्पट झाली तर काढावीच लागते.

नागपुरी_संत्रं

😂😂

बरं, आता एक काम करा. पाच जणांचा संघ लावा, प्रत्येकाने. तिथे कळेल कोण किती पाण्यात आहे. माझा: हॅझर्ड, गुडरिच, एरिक्सन, विक्स, अल्सिंडर. वॉल्टन बाकावर.

रिंगखालचा

वॉल्टनला बाकावर बसवणारा संघ मी बघणारही नाही.

माझा: हॅझर्ड, अ‍ॅन मेयर्स (ताई, पटलं तुमचं), जमाल विल्क्स, वॉल्टन, अल्सिंडर. हो, दोघंही. वूडनचा मूळ डाव हाय पोस्टचा, सेंटर फ्री थ्रो रेषेजवळ उभा राहून पास द्यायचा. अल्सिंडर आला तेव्हा त्यांनी तो मोडून त्याला रिंगच्या जवळ, लो पोस्टला उभं केलं. माझ्या संघात वॉल्टन वर, अल्सिंडर खाली. वरून पास देणारा असा, खाली घेणारा तसा. अडवा कसं अडवायचं ते.

आकडेमोड

म्हणजे वूडननी आपला जन्मभराचा डाव कोणासाठी मोडला ते तुम्ही स्वतःच लिहिलंत. अल्सिंडर गेल्यावर तो परत जुन्या जागी गेला. मला अजून काय सिद्ध करायचं राहिलंय?

रिंगखालचा

मी उलटं वाचतो. अल्सिंडरला त्या डावात बसवता येईना म्हणून डाव बदलावा लागला. वॉल्टन तो डाव जसाच्या तसा खेळू शकला असता, आणि लो पोस्टलाही तितकाच खेळला. 1973 च्या फायनलचे 21 शॉट कुठून घेतलेत बघा, बहुतेक रिंगच्या सावलीतून.

आकडेमोड

बसवता येईना? 7 फूट 2 इंचांच्या माणसाला फ्री थ्रो रेषेवर उभं करून त्याच्याकडून पास देऊन घेणारा कोच वेडा ठरला असता. 1969 चं बघा. माइक वॉरन पदवी घेऊन गेला, ल्यूशस अ‍ॅलन त्या मोसमात खेळला नाही. दोन्ही गार्ड नवे. सेमीफायनलला ड्रेकविरुद्ध जॉन व्हॅलेलीने 29 गुण काढले म्हणून निभावलं, 85-82. हे मी लपवत नाही. पण फायनलला परड्यूसमोर अल्सिंडरचे 37 गुण आणि 20 रिबाउंड. 92-72. कॉलेजमधला शेवटचा सामना असा खेळला तो. वॉल्टनचा शेवटचा सामना तिसऱ्या क्रमांकासाठी होता.

नव्वदीतला

दोन सेंटर लावणाऱ्या काकांना एक प्रश्न. मागे पळत कोण येणार? एडनीसारखा कुणी 4.8 सेकंदांत अख्खं कोर्ट पार करून गेला तर तुमचे दोन्ही उंच गडी अजून पुढेच असतील.

रिंगखालचा

त्यासाठी मेयर्स आहे. एका सामन्यात 10 स्टील काढणारी.

पॉलीतली_ताई

तिला फक्त डिफेन्सला ठेवणार असाल तर मी तिला तुमच्या संघातून काढून घेते. चेंडू तिच्या हातात द्या, हॅझर्डला कोपऱ्यात उभा करा.

नागपुरी_संत्रं

हॅझर्ड कोपऱ्यात?? आता मात्र खरं भांडण होते. 1964 च्या मोसमात त्या अख्ख्या संघाचा चेंडू त्याच्या हातात असायचा ताई. गुडरिचला काढा, एरिक्सनला काढा, काहून नाही काढत, पण हॅझर्डला हात लावू नका.